मुखातील दाहाचे कर्तेकरविते

आपल्याकडे तोंड आले असता त्याचे निदान करून घेण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ‘उष्णता वाढली आहे’ असा निवाडा घरातील वडीलधारे माणूस देते, जाईचा पाला चघळावयास मिळतो, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या होतात, रात्री निजताना ओठांच्या आतून तुपाचे बोट फिरते, आणि एवढ्याने भागले नाही तर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची पट्टी येते. आठदहा दिवसांत व्रण भरून निघतात आणि त्या यशाचे माप ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे पाल्याच्या, तुपाच्या किंवा गोळीच्या पदरात पडते. वस्तुतः अशा व्रणांपैकी बहुतेक व्रण काहीएक न करता तेवढ्याच मुदतीत बरे झाले असते. परंतु त्यांच्यासारखेच दिसणारे, त्यांच्यासारखेच झोंबणारे असे काही व्रण व चट्टे असतात की, त्यांना ही मुदत लागू पडत नाही. ते महिनोन्‌महिने टिकतात, एका जागी मिटले तर दुसऱ्या जागी उठतात, आणि त्यांतील काही तर पुढे जिवावरचे दुखणे होऊन बसतात.

सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट दिली असून ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशी त्यांची सात स्थाने सांगितली आहेत. स्थानावरून रोगांची वर्गवारी करण्याची ही रीत डोळ्यांना दिसते तेवढ्या पुराव्यावर उभी होती आणि त्या काळी त्याहून अधिक पुरावा मिळणे शक्यही नव्हते. गेल्या दीडशे वर्षांत सूक्ष्मदर्शकाने या वर्गवारीस आणखी एक कसोटी जोडली. व्रण कोठे आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याच्या तळाशी कोणत्या पेशी जमल्या आहेत, त्या कोणत्या थरात ठाण मांडून बसल्या आहेत आणि काम उरकल्यावर त्या परत का गेल्या नाहीत, हेही महत्त्वाचे ठरू लागले. दाह एकच दिसला तरी त्याचे कर्तेकरविते निरनिराळे असतात आणि कर्ता ओळखल्यावाचून केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड होय, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

तोंडाचे अस्तर, ज्यास शारीरशास्त्रात श्लेष्मल त्वचा म्हणतात, ते सर्वत्र सारखे नसते. हिरड्या आणि टाळूचा पुढचा कठीण भाग यांवर चावण्याचा भार पडतो, म्हणून तेथील पृष्ठभाग केराटिन या चिवट प्रथिनाने टणक झालेला असतो. गालांची व ओठांची आतली बाजू, जिभेखालची जागा आणि पडजिभेलगतचा मऊ टाळू यांना असे कवच नसते, आणि वरचेवर येणारे साधे व्रण बहुधा याच मऊ जागी उठतात. रचनेचा क्रम मात्र दोन्हीकडे एकच आहे. वर एकावर एक बसलेल्या पेशींचे अनेक थर असलेला अभिस्तर. त्याच्या तळाशी नव्या पेशींना जन्म देणारी आधारपेशींची एकेरी ओळ. तिच्याखाली अत्यंत पातळ असे आधारपटल. आणि त्याच्याही खाली रक्तवाहिन्या, मज्जातंतू व कोलॅजेनचे धागे यांनी भरलेले संयोजी ऊतक. हा नकाशा वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण पुढे ज्या तीन रोगांची हकीकत यावयाची आहे त्यांतील प्रत्येक रोग या नकाशातील वेगळ्या हद्दीवर घडतो.

या अस्तरावरून जेवढा परका माल रोज जातो तेवढा शरीराच्या दुसऱ्या एखाद्याच भागावरून जात असेल. अन्नातील असंख्य प्रथिने तर आहेतच, पण तोंडात कायमची वस्ती करून राहिलेल्या जंतूंच्याही सुमारे सातशे जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. जुन्या काळच्या जकातनाक्यावरील कारकुनाने येणारी प्रत्येक गाडी अडवून झडती घेतली असती तर बाजारपेठ ओस पडली असती, आणि एकही अडविली नसती तर सरकारी खजिना ओस पडला असता. तोंडातील रक्षक पेशींवर नेमकी हीच जोखीम असते, आणि म्हणून त्यांचे खरे कौशल्य अडविण्यापेक्षा जाऊ देण्यात अधिक दिसते. अडवू नये असा आवर घालणाऱ्या पेशींचा एक स्वतंत्र वर्गच शरीरात आहे. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञाने १९९५ साली त्यांची ओळख पटवून दिली आणि २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह याच विषयातील कामगिरीबद्दल मिळाले. तोंडातील अनेक चिवट दाहांचे मूळ शत्रूच्या बळात जितके असते, तितकेच ते हा आवर सुटण्यात असते.

रक्षक पेशींचा परिचय शास्त्रास एकदम झाला नाही. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स नावाच्या एकविसाव्या वर्षात असलेल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्वचेचा पातळ काप सुवर्णक्षाराने रंगविला आणि त्यात फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी पाहिल्या. त्याने त्या मज्जासंस्थेच्या समजल्या आणि हा समज पुष्कळ काळ टिकून राहिला. त्वचेप्रमाणेच तोंडाच्या अस्तरातही असणाऱ्या या पेशी आपल्या फांद्या शेजारच्या पेशींच्या मधून पसरून वर आलेल्या परक्या द्रव्याचा कण टिपतात आणि तो जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवितात, हे उमगावयास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. त्यांच्याच कुळातील डेंड्रिटिक पेशींचा शोध राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ साली लावला. १८७८ साली पाउल एर्लिख याने आपल्या प्रबंधात दाणेदार मास्ट पेशींचे वर्णन केले. या पेशी रक्तवाहिन्यांच्या व मज्जातंतूंच्या आसपास वस्ती करतात, आणि डिवचल्या गेल्या की आपल्या पोटातील दाणे फोडून हिस्टामिनादी द्रव्ये क्षणार्धात बाहेर ओततात. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे एली मेच्निकॉफ याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसला व दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती भटक्या पेशींचा वेढा पडलेला पाहिला. भक्षक पेशींची कल्पना तेथून निघाली. एर्लिख व मेच्निकॉफ यांच्यात प्रतिकाराचे श्रेय रक्तातील द्रव्यांचे की पेशींचे, हा वाद होता. १९०८ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. पुढे दोघेही आपापल्या परीने बरोबर होते असे ठरले आणि तोंडाचे रोग त्याचा उत्तम दाखला आहेत.

निरोगी तोंडातही या पेशी स्वस्थ बसलेल्या नसतात. दात आणि हिरडी यांच्यामधील बारीक खाचेतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अखंड पाझरत असतात आणि मिनिटाला सुमारे तीस हजार पेशी अशा प्रकारे तोंडात उतरतात असा अंदाज आहे. त्यांची नेमणूक कायम राखणाऱ्या पेशींना टी-एच-१७ असे नाव असून त्या इंटरल्यूकिन-१७ हे संदेशद्रव्य सोडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, हिरड्यांतील या पेशींची संख्या जंतूंपेक्षा चावण्याच्या क्रियेवर अवलंबून असते; मऊ अन्नावर वाढविलेल्या उंदरांच्या हिरड्यांत त्या थोड्या भरल्या आणि कठीण अन्न खाणाऱ्यांत अधिक भरल्या. प्रत्येक घासाबरोबर हिरडीस होणारी सूक्ष्म इजा हीच तेथील बंदोबस्ताची रोजची तालीम असते. तालीम हद्दीबाहेर गेली की मात्र त्याच पेशी दातांच्या मुळाशी असलेले हाड झिजवू लागतात आणि त्यास आपण दंतपरिवेष्टनाचा दाह किंवा पायरिया म्हणतो.

आता पहिल्या रोगाकडे वळू. इरॅस्मस विल्सन या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाने १८६९ साली लायकेन प्लेनस या रोगाचे वर्णन केले. हा रोग कातडीवर येतो तसा तोंडातही येतो आणि तोंडात आला म्हणजे वर्षानुवर्षे मुक्काम करतो. चाळिशीच्या पुढील स्त्रियांत तो अधिक आढळतो. रुग्णाचा गाल आरशाच्या कडेने बाजूस ओढून उजेडात पाहिला असता आतल्या बाजूस पांढऱ्या बारीक रेघांचे जाळे दिसते. या रेघा बोटाने पुसल्या तरी जात नाहीत आणि बहुधा दोन्ही गालांवर सारख्याच उमटतात. लुई विकहॅम याने १८९५ साली त्यांची नोंद केली, म्हणून त्यांस त्याचेच नाव आहे. नुसते जाळे असेल तर रुग्णास त्याची वार्ताही नसते. पण त्याच्या मधोमध अस्तर सोलले जाऊन लालभडक जखम झाली की मिरचीचा ठेचा दूरच राहिला, साधे वरणही झोंबू लागते.

या जाळ्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून, त्याचे पातळ काप करून ते निळ्या-गुलाबी रंगात रंगविले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले म्हणजे एक दृश्य असे दिसते की, ते एकदा पाहिलेला विद्यार्थी पुन्हा सहसा चुकत नाही. अभिस्तराच्या बरोबर खाली, आधारपटलास खेटून, गडद निळ्या ठिपक्यांचा एक दाट पट्टा आडवा पसरलेला असतो आणि त्याची खालची कड जणू पट्टी धरून आखावी तशी स्पष्ट तुटलेली असते. हे ठिपके म्हणजे टी पेशी. पट्ट्याच्या वरच्या अंगास आधारपेशींची ओळ असावयास हवी. तेथे ती ओळ विस्कटलेली दिसते आणि मधूनमधून गुलाबी, केंद्र हरवलेले गोल गोळे दिसतात. ते मेलेल्या आधारपेशींचे अवशेष असून सिव्हाट या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखले जातात. मारेकरी आणि मयत एकाच कापात शेजारी शेजारी दिसावेत, असा पुरावा रोगशास्त्रात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

यातील मारेकरी मुख्यतः सीडी-८ खूण असलेल्या टी पेशी असतात. त्या आधारपेशीला भिडतात, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणास भोके पाडतात आणि त्यांतून ग्रँझाइम आत सोडून तिला आत्मनाशाचा हुकूम देतात. विषाणूने बाधलेल्या पेशीचा निकाल लावण्याची ही त्यांची नित्याची पद्धत आहे. येथे ती विषाणू नसताना राबविली जाते, आणि आधारपेशीवरील कोणत्या खुणेमुळे त्या चवताळतात, ते कोडे अद्याप सुटावयाचे आहे. मास्ट पेशींचेही यात संगनमत असते. टी पेशींच्या संदेशाने त्यांचे दाणे फुटतात. दाण्यांतील कायमेज या विकराने आणखी काही विकरे जागी होतात, ती आधारपटल कुरतडतात आणि त्या फटींतून नव्या टी पेशी अभिस्तरात शिरतात. आधारपटलाचा आधार तुटल्याने आधारपेशी आणखी दुबळ्या होतात व पुन्हा टी पेशींस काम मिळते. असे हे रहाटगाडगे एकदा फिरू लागले की ते आपोआप थांबत नाही, आणि दीर्घकाळ रखडलेल्या अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे एकास त्याच जागी कर्करोग होतो, म्हणून या रुग्णांनी त्रास नसतानाही ठरावीक काळाने तोंड दाखविले पाहिजे.

दुसरा रोग पेम्फिगस व्हल्गॅरिस. बाहेरून पाहणाऱ्यास याचे व्रण पहिल्या रोगाच्या सोललेल्या जखमांसारखेच वाटतील, परंतु आतील मामला अगदी वेगळा आहे. येथे टी पेशींचा पट्टा नसतो आणि आधारपेशी मेलेल्याही नसतात. त्या आधारपटलावर आपल्या जागी ओळीने उभ्या असतात. त्यांच्या वरचे सगळे थर मात्र सुटे होऊन पाण्यात तरंगावेत तसे विखुरलेले असतात. कारण या रोगात हल्ला पेशीवर होतच नाही, तो होतो पेशी-पेशींमधल्या सांध्यावर. हे सांधे डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी जोडलेले असतात आणि रुग्णाच्या बी पेशींपासून निपजलेल्या प्लाझ्मा पेशी नेमकी त्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करीत असतात. १९५३ साली वॉल्टर लीव्हर यांनी या रोगास त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका फोडांच्या रोगापासून वेगळे काढले, १९६४ साली ब्यूटनर व जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे दाखविली आणि १९९१ साली अमागाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेस्मोग्लीन-३ हे त्यांचे लक्ष्य नक्की केले.

हा रोग अर्ध्याहून अधिक रुग्णांत प्रथम तोंडातच का उगवतो, याचे उत्तर मोठे चित्तवेधक आहे. डेस्मोग्लीनचे दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत, एक व तीन. कातडीत दोन्ही मुबलक असतात, त्यामुळे तीन क्रमांकाचे प्रथिन निकामी झाले तरी एक क्रमांकाचे सांधा धरून ठेवते. तोंडाच्या अस्तरात मात्र सगळा भार तिसऱ्यावरच असतो आणि पहिले अगदी तुटपुंजे असते. म्हणून तिसऱ्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झाली की कातडी शाबूत राहते आणि तोंड सोलून निघते. पुढे पहिल्याविरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली म्हणजे अंगावर फोड उठतात. मधल्या काळात रुग्ण अनेकदा ‘तोंड येते’ म्हणून गोळ्या घेत फिरत असतो आणि काही वेळा अंगावर फोड आल्यावरच निदानास तोंड फुटते.

या निदानासाठी काढलेल्या तुकड्यांपैकी एक नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये न ठेवता निराळ्या द्रावणात पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनने प्रतिपिंडांची ओळख पुसली जाते. तो तुकडा चकाकणाऱ्या रंगाने रंगवून अंधाऱ्या खोलीत पाहिला असता प्रत्येक पेशीभोवती हिरवी कड उजळते आणि सबंध अभिस्तरावर कोळ्याने जाळे पसरावे तशी आकृती दिसते. एकेका सांध्यावर बसलेली प्रतिपिंडे तेथे डोळ्यांनी दिसतात. एर्लिखचा पक्ष या रोगात खरा ठरतो, तर मेच्निकॉफचा पक्ष पहिल्या रोगात.

स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी पेम्फिगस हे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मृत्यूचेच फर्मान होते. त्या औषधांनी मृत्यू टळले, पण मोठ्या मात्रा दीर्घकाळ घ्याव्या लागल्याने मधुमेह, ठिसूळ हाडे व जंतुसंसर्ग यांचा नवा जाच सुरू झाला. १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जे. एस. पासरीचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी महिन्यातून तीन दिवस शिरेतून मोठी मात्रा देण्याची पद्धत बसविली आणि ती देशभर रूढ झाली. त्यानंतर आलेले रिटुक्सिमॅब हे औषध सरसकट सर्व पेशींवर न जाता सीडी-२० ही खूण असलेल्या बी पेशी तेवढ्या निवडून काढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली या रोगासाठी त्यास मान्यता दिली. कर्ता नेमका ठाऊक झाल्यावाचून असे नेमके औषध सुचणेच शक्य नव्हते.

तिसरा रोग आपल्या घरचा आहे. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत केनियामध्ये राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाचे अस्तर आकसून जबडा उघडेनासा होण्याच्या एका विकाराचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींत असाच विकार पाहून त्यास सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे अस्तराखालील तंतूंची अतिवाढ, असे नाव दिले. १९६६ साली कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातील डॉ. सत्यवती सिरसाट यांनी त्याची जी व्याख्या केली ती आजही पाठ्यपुस्तकांत उद्धृत होते. त्याच सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील फली मेहता व त्यांचे सहकारी खेडोपाडी जाऊन लोकांची तोंडे तपासत होते. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा त्यांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. मुखरोगांच्या जगातील अभ्यासास मुंबईने दिलेली ही देणगी आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही.

रोगाचे कारण सुपारी. जी सुपारी मंगलकार्यात गणपती म्हणून पुजली जाते, तीच चुन्यातंबाखूसह विदर्भात खर्रा म्हणून, अन्यत्र मावा म्हणून, आणि कारखान्यातून पुडीत भरून गुटखा म्हणून तरुणांच्या गालात तासन्‌तास मुक्काम करते. पिंडबोर्ग व सिरसाट यांनी या रोगाच्या ज्या क्रमवार पायऱ्या लावून दिल्या त्यांत दाहाच्या पेशींचा येण्याजाण्याचा सगळा रोजनामा वाचावयास मिळतो. अगदी प्रारंभी अस्तराखाली सूज असते, रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात व न्यूट्रोफिल पेशी जमलेल्या असतात, म्हणजे साध्या इजेनंतर जे दिसावे तेच. पुढच्या पायरीवर न्यूट्रोफिल मागे पडून लसिकापेशी, इओसिनोफिल व थोड्या प्लाझ्मा पेशी येतात आणि अभिस्तरालगत कोलॅजेनचा पट्टा घट्ट होऊ लागतो. शेवटच्या पायरीवर कोलॅजेनची एकसंध, काचेसारखी पाटी बनते, रक्तवाहिन्या चिमटल्या जातात, आणि पेशी विरळ होतात.

मधल्या काळात घडते ते असे. सुपारीच्या खरखरीत कणांनी व अरेकोलिनादी द्रव्यांनी डिवचलेल्या अस्तरात भक्षक पेशी टीजीएफ-बीटा हे संदेशद्रव्य सोडतात. जखम सांधण्यासाठी तंतू विणणाऱ्या पेशींना कामास लावणे हा त्याचा हेतू. पण इजा थांबत नाही म्हणून हुकूमही थांबत नाही. सुपारीतील तांबे त्या धाग्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या विकरास जोर देते आणि तिच्यातील टॅनिन जुने धागे विरघळू देत नाही. नवे विणले जाते, जुने निघत नाही. प्रथम तिखट सोसवत नाही, मग गालात बोट फिरविले असता उभ्या दोऱ्या हाताला लागतात, मग तीन बोटे उभी मावणाऱ्या तोंडात दोन, पुढे एकच बोट मावते. येथे स्टेरॉइडच्या सुया मर्यादितच उपयोगी पडतात, कारण त्या पेशींना आवरतील, पण विणून झालेला तंतू उसवू शकणार नाहीत. आणि व्यसन सुटले तरी आकसलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे नजर ठेवली असता त्यांपैकी पाच जणांस, म्हणजे ७.६ टक्क्यांस, मुखाचा कर्करोग झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या अहवालात तंबाखूवाचूनची नुसती सुपारीही कर्कजनक ठरविली आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, परंतु सुपारीचे खापर एकट्या तंबाखूच्या माथी फोडण्याची आपली सवय गेलेली नाही.

रक्षक पेशी अति झाल्याने होणारे हे तीन अनर्थ पाहिल्यावर त्या नसल्या तर बरे, असा निष्कर्ष कोणी काढील. त्यास दोन उदाहरणे पुरेत. एचआयव्हीच्या संसर्गात सीडी-४ टी पेशी घटू लागल्या की, एरवी तोंडात गुमान राहणारी कँडिडा बुरशी जिभेवर व टाळूवर दह्याच्या कवड्यांसारखे थर धरते. दुसरे उदाहरण एका दुर्मीळ जन्मजात विकाराचे आहे. त्यात न्यूट्रोफिल पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटून बाहेर पडता येत नाही, त्यामुळे त्या हिरड्यांत पोहोचतच नाहीत, आणि रुग्णाचे दात लहान वयातच खिळखिळे होऊन पडतात. पहारा नाही म्हणून जंतूंनी हाड खाल्ले, अशीच सर्वांची दीर्घकाळ समजूत होती. २०१४ साली निकी मुत्सोपूलोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, न्यूट्रोफिल न पोहोचल्यामुळे ‘काम झाले’ हा निरोपही मागे पोहोचत नाही, इंटरल्यूकिन-२३ व १७ यांचा पाझर मोकाट सुटतो आणि हाडाचा नाश मुख्यतः त्यानेच होतो. २०१७ साली अशा एका रुग्णाच्या हिरड्या जंतुनाशकाऐवजी हा पाझर अडविणाऱ्या औषधाने सुधारल्या. पेशींच्या अभावीही दाह होऊ शकतो, हा धडा त्यापूर्वी कोणाच्या ध्यानी आला नव्हता.

साध्या व्रणांचीही या दृष्टीने वेगळी कथा आहे. पाचांपैकी एका माणसास आयुष्यात केव्हा ना केव्हा ते होतात. त्यांतही प्रथम सीडी-४ टी पेशी जमतात, अस्तर फुटताना सीडी-८ पेशींचे प्राबल्य होते आणि व्रणाच्या तळाशी न्यूट्रोफिल उतरतात. पण भरून येताना हा जमाव पांगतो आणि आवर घालणाऱ्या पेशी आपला अंमल पुन्हा बसवितात. वरचेवर व्रण येत असतील तर लोह, बी-१२ व फॉलिक आम्ल यांची उणीव तपासावी, हे खरे. परंतु सर्वच व्रणांवर एकच गोळी चालते, हे खरे नाही.

दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतलेले स्टेरॉइडचे मलम लायकेन प्लेनसच्या टी पेशींना आवरील, साध्या व्रणाची आग शमवील, पेम्फिगसमध्ये रोग झाकून निदान लांबवील, सुपारीच्या आकसलेल्या गालावर वाया जाईल, आणि बुरशीवर लावले तर तिला रान मोकळे करून देईल. एकाच मलमाचे हे पाच परिणाम त्या मलमात नसून त्याखाली कोणत्या पेशी बसल्या आहेत त्यावर ठरतात. तोंडाचे अस्तर हा शरीराच्या आतील असा भाग आहे की, जो कोणासही आरशात व उजेडात पाहता येतो आणि ज्याचा तुकडा थोड्याशा भुलीवर काही मिनिटांत काढता येतो; ही सोय यकृताला नाही, मूत्रपिंडाला नाही. म्हणून दोन आठवड्यांच्या वर टिकलेला कोणताही व्रण, न पुसली जाणारी पांढरी रेघ, सोललेली लाल जागा किंवा कमी कमी उघडू लागलेले तोंड घेऊन दंतवैद्याकडे जावे, त्याने तुकडा तपासावयास सांगितल्यास कचरू नये, आणि गालात सुपारी असेल तर ती त्याच दिवशी थुंकून टाकावी.